स्पर्धेच्या आदल्या रात्री घोड्याच्या आयाळीच्या वेण्या: विंचरण्यापासून उसवण्यापर्यंत

ड्रेसाजच्या (घोड्याच्या ठरावीक, शिस्तबद्ध हालचालींच्या स्पर्धेच्या) रिंगणात किंवा शो-क्लासमध्ये (स्पर्धेतल्या अशा प्रत्येक गटाला ‘क्लास’ म्हणतात) मानेच्या वरच्या कडेने एका रांगेत बसवलेले छोटे गोल गोंडे दिसतात, त्याच या वेण्या. ही पद्धत इंग्लंडातल्या शिकारी घोड्यांच्या सजावटीतून आली आणि मुंबई-पुण्याच्या रायडिंग क्लबांपासून दिल्ली-जयपूरच्या स्पर्धांपर्यंत आज तशीच चालते. वेण्या सक्तीच्या नाहीत. शो जंपिंगमध्ये तर बरेच जण आयाळ मोकळीच ठेवतात. मात्र ड्रेसाजमध्ये आणि घोड्याची ठेवण पाहिली जाते अशा क्लासमध्ये वेण्या घातलेलं जनावर नीटनेटकं दिसतं आणि मानेचा आकार परीक्षकाला सरळ वाचता येतो.

आधी एक ठरवून टाका: वेण्या रात्री घालायच्या की पहाटे? क्लास दहाच्या पुढे असेल आणि हात बसलेला असेल तर पहाटे घाला. रात्रभर राहिलेल्या वेणीपेक्षा ताजी वेणी केव्हाही चांगली दिसते, आणि घोड्यालाही एक रात्र सुखाची मिळते. क्लास सकाळी आठचा असेल, दोन-तीन घोडे तयार करायचे असतील किंवा पहाटे ट्रेलरमधून प्रवास असेल, तर रात्रीला पर्याय नाही. रात्री घालायच्या म्हटल्यावर त्या सुई-दोऱ्याने शिवूनच घाला. रबरबँडच्या वेण्या झटपट होतात, पण रात्रभरात रबर केसांत रुतून केस तुटतात, बुडाशी खाज सुटते आणि सकाळी निम्म्या वेण्या वाकड्या झालेल्या असतात.

खाज हा मुद्दा आधीच तपासा. मानेवर खवले, कोंडा, चिलटांच्या चाव्यांचे फोड किंवा घासून केस उडालेली जागा असेल, तर त्या घोड्याच्या वेण्या रात्री घालू नका. तो भिंतीला मान घासून आयाळीसकट सगळं खरवडून टाकेल.

आठवडाभर आधीची तयारी

वेण्या बिघडतात त्या बहुतेक वेळा रात्रीच्या कामामुळे नव्हे, आयाळ तयार नसल्यामुळे. गोंडा नीट बसायला आयाळ साधारण १० ते १२ सेंटिमीटर लांब, म्हणजे चार-पाच इंच, आणि मानभर सारख्या जाडीची लागते. रेसमधून निवृत्त झालेले थरोब्रेड आपल्याकडच्या क्लबांमध्ये भरपूर आहेत. त्यांची आयाळ मुळात पातळ आणि छोटी असते, त्यामुळे काम सोपं. दाट आयाळीच्या घोड्याची मात्र आठवडाभर आधीपासून विरळणी करावी लागते.

विरळणी खालच्या थरातून करायची. सर्वांत लांब आठ-दहा केस चिमटीत धरा, बाकीचे कंगव्याने वर सारा, चिमटीतले केस कंगव्याभोवती एक वेढा घेऊन झटक्यात उपटा. व्यायामानंतर अंग गरम असताना केस सहज सुटतात, थंड अंगावर घोडा चिडतो. एका दिवशी मानेचा एखादा वीतभर भागच घ्या, नाहीतर कातडी हुळहुळी होते आणि स्पर्धेच्या रात्री तो मानेला हात लावू देत नाही. काही घोड्यांना उपटणं अजिबात चालत नाही. त्यांच्यासाठी विरळणीचं दातेरी पातं वापरा. सरळ कात्रीने आयाळ एका रेषेत कापू नका. टोकं जाड आणि बोथट राहतात आणि वेणीच्या शेवटी झाडूसारखा गुच्छ उरतो.

वरच्या थरातले आखूड उभे केस उपटायचे किंवा कापायचे नाहीत. ते आज गेले तर महिन्याभराने खुरट्या झुडपासारखे उभे राहतात आणि पुढच्या स्पर्धेला तेच नडतात.

आयाळ परंपरेने उजव्या बाजूला पाडतात. ती डावीकडे किंवा दोन्हीकडे पडत असेल तर आठवडाभर रोज ओली करून उजवीकडे विंचरा आणि तासभर सैल, लांब वेण्या घालून ठेवा. या वेण्या शिवायच्या नाहीत, टोकाला मऊ रबर पुरे.

आयाळ धुवायची ती दोन-तीन दिवस आधी. आदल्या दिवशी शाम्पू केला तर केस निसरडे होतात, पेड हातातून सुटतात आणि वेणी घट्ट होतच नाही. शेपटीवर मारायचा चकाकीचा सिलिकॉनवाला स्प्रे, कंडिशनर, तेल यांतलं काहीही त्या आठवड्यात आयाळीला लावू नका. थोडी धूळ, थोडा चिकटपणा असलेला केस वेणीला धरून राहतो. कोंडा मात्र निघालेला हवा, कारण भांग पाडला की काळ्या घोड्यावर तो पांढऱ्या रेषेसारखा उठून दिसतो.

सामान

मेणवलेला जाड सुती दोरा, आयाळीच्या रंगाचा. कुमैत (तांबूस अंगाच्या, काळ्या आयाळीच्या) आणि काळ्या घोड्याला काळा, तांबड्या घोड्याला तपकिरी, पांढऱ्याला पांढरा. ड्रेसाजमध्ये काळ्या आयाळीवर मुद्दाम पांढरा दोरा वापरायची फॅशन आहे. ती दिसते छान, पण प्रत्येक वेडावाकडा टाका लांबून ओळखू येतो. हात पक्का बसेपर्यंत त्या वाटेला जाऊ नका. साधा शिलाईचा रीळ नको, तो केस कापतो आणि स्वतःही तुटतो. मेणवलेला दोरा मिळाला नाही तर गोधडीचा जाड दोरा मेणबत्तीवरून दोन-तीनदा ओढून घ्या.

दोऱ्याचे तुकडे आधीच कापून ठेवा. प्रत्येकी ७० सेंटिमीटर, असे १८. १३ वेण्या मानेवर, एक कपाळावर, चार राखीव. एकूण साडेबारा मीटरच्या आसपास दोरा जातो. रात्री एका हातात वेणी धरून दुसऱ्या हाताने दोरा कापत बसलात की वेणी सैल पडलीच समजा.

सुई मोठ्या नेढ्याची आणि बोथट टोकाची घ्या. टोकदार दाभण केसांऐवजी मानेत घुसतो. सुया दोनच आणा आणि त्या कुठे ठेवायच्या हे आधी ठरवा. अ‍ॅप्रनच्या खिशात लावलेला बुचाचा तुकडा उत्तम. कॉलरला, दातात किंवा घोड्याच्या झुलेत सुई खोचायची नाही. पेंढ्यात पडलेली सुई घोड्याच्या पोटात किंवा खुरात गेली तर स्पर्धा राहते बाजूला. जवळ एक लोहचुंबक ठेवा, सुई पडली तर भुशावरून फिरवायला.

याखेरीज बारीक दातांचा छोटा धातूचा कंगवा, पाण्याची बादली, स्पंज, बाजूला ठेवलेले केस अडकवायला मोठा चिमटा, गोल टोकाची कात्री, टाके उसवायचं शिंप्याचं आकडीवालं हत्यार, आणि पाण्यात विरघळणारा साधा हेअर जेल. अंड्याचा पांढरा बलक किंवा साखरेचं पाणी लावायचा जुना उपाय आपल्या हवेत करू नका. रात्री मुंग्या येतात, सकाळी माश्या.

उभं राहायला बसक्या, रुंद पायांचा स्टूल किंवा प्लास्टिकचा क्रेट हवा. उलटी बादली नको. ती कलंडते, आणि घोडा हलला तर त्याचा पाय कडीत अडकतो.

घोडा उभा करणं

संध्याकाळची चंदी (दाणा) आणि वैरण झाल्यावर, साधारण सातच्या पुढे काम सुरू करा. भुकेला घोडा दर मिनिटाला मान वळवतो. मोहरकी (तोंडावरचा बांधायचा साज) घालून सुरगाठीने बांधा. दोरी थेट कडीला न बांधता कडीत अडकवलेल्या सुतळीच्या फेऱ्याला बांधा, म्हणजे दचकून मागे ओढलंच तर सुतळी तुटेल, मान नाही. समोर वैरणीची जाळी टांगली तर काही घोडे शांत राहतात, काही मात्र प्रत्येक घासाला मान झटकतात. पहिल्या दोन वेण्यांतच कळेल, झटकत असेल तर जाळी काढून टाका.

तबेल्यातला डोक्यावरचा एकच दिवा मानेवर नेमकी तुमचीच सावली पाडतो. डोक्याला बांधायची बॅटरी घ्या किंवा घोडा असा वळवा की उजेड त्याच्या उजव्या बाजूने येईल. बॅटरी लावून थेट घोड्याच्या डोळ्यांत पाहू नका.

तुम्ही घोड्याच्या उजव्या खांद्याशी, स्टूलवर, हात मानेच्या कडेच्या किंचित वर येतील अशा उंचीवर. हात वर ताणून वेणी घातली की ती वरच्या दिशेने ओढली जाते. त्याचा परिणाम पुढे सांगितला आहे.

किती वेण्या?

जुना इंग्रजी दंडक असा की मानेवर विषम संख्या, आणि कपाळावरची धरून सम. आज परीक्षक मोजत नाहीत, तरी हा शिरस्ता बहुतेक जण पाळतात. ९ ते १३ ही नेहमीची संख्या. अमेरिकेतल्या हंटर क्लासमध्ये ३०-४० बारीक चपट्या वेण्या घालतात, पण ते तंत्र वेगळं आणि वेळ दुप्पट-तिप्पट.

संख्येचा संबंध मानेशी आहे. मान आखूड असेल तर जास्त आणि छोट्या वेण्या घाला, ती लांब भासते. मान लांब, बारीक असेल तर कमी आणि मोठे गोंडे घाला. मानेची वरची कड अशक्त, खोलगट असेल तर गोंडे कडेच्या अगदी माथ्यावर बसवा, म्हणजे तेवढी उंची मिळते. कड मुळातच जाड, भरलेली असेल तर गोंडे थोडे खाली, कडेच्या बाजूला दाबून बसवा. थट्टेने याला घोड्याचा मेकअप म्हणतात, पण पाच मीटरवरून फरक खरोखर दिसतो.

विभाग पाडताना कंगव्यावर चिकटपट्टीने खूण करा. मध्यम उंचीच्या घोड्याच्या मानेची वेणी घालण्याजोगी कड ८०-८५ सेंटिमीटर भरते, तेव्हा १३ वेण्यांना प्रत्येकी सहा-साडेसहा सेंटिमीटर. कानांमागे जिथे ब्रायडलचा (लगाम जोडलेल्या डोक्याच्या साजाचा) पट्टा बसतो तिथले तीन-चार सेंटिमीटर सोडून मोजणी सुरू करा. त्या जागेवर गोंडा आला तर पट्ट्याखाली दबतो, घोडा डोकं झटकतो आणि दोष लगामाला दिला जातो.

इथे एक पेच हमखास येतो. मानेच्या मधल्या भागात केस दाट, खांद्याजवळ विरळ. रुंदी सारखी ठेवली तर मधले गोंडे लिंबाएवढे आणि शेवटचे बोराएवढे होतात. जाडी सारखी ठेवली तर अंतरं कमी-जास्त होतात. खरा उपाय आधीच्या विरळणीतच आहे. ती राहून गेली असेल तर अंतर सारखं ठेवा आणि मधल्या विभागांतले खालच्या थराचे थोडे केस बाहेर काढून शेजारच्या पातळ वेणीत घ्या. लांबून पाहणाऱ्याच्या नजरेला अंतरातली चूक आधी खटकते, आकारातली नंतर.

सगळे विभाग आधी मोजून सैल रबर लावून ठेवा आणि चार पावलं मागे जाऊन पाहा. आता बदलणं सोपं आहे, सात वेण्या शिवून झाल्यावर नाही.

वेणी

कानांकडून सुरू करा. घोडा कंटाळतो तो शेवटी, आणि डोक्याजवळचं नाजूक काम तोपर्यंत उरकलेलं असतं.

एका विभागाचं रबर काढा, शेजारचे केस चिमट्याने बाजूला. स्पंजने विभाग ओला करा, निथळता नाही, दमट. बोटाच्या टोकावर मटाराएवढा जेल घेऊन बुडापासून टोकापर्यंत फिरवा. कंगव्याने सरळ खाली विंचरा. विभागाच्या दोन्ही बाजूंच्या रेषा मानेला काटकोनात, सरळ हव्यात. तिरक्या रेषेची वेणी तिरकीच बसते.

आता तीन सारखे पेड करा. उजवा पेड मधल्यावर, डावा मधल्यावर, हे सगळ्यांनाच येतं. पहिले दोन वेढे मात्र सगळं ठरवतात. पहिला वेढा कातडीला लागून आणि घट्ट घ्या, आणि प्रत्येक वेढ्यानंतर पेड बाहेर, दोन्ही बाजूंना ताणा, मग खाली. हाताची दिशा कायम जमिनीकडे. घट्ट म्हणजे किती? बुडाशी कातडी उचलली जाऊन उभी टेकडी दिसायला लागली तर फार झालं. वेणीच्या बुडाखाली कंगव्याचं एक टोक जेमतेम सरकलं तर बरोबर. फार घट्ट वेणी रात्री त्रास देते: घोडा खालचं गवत खायला मान खाली घालतो तेव्हा कड ताणते, केस ओढले जातात, आणि मग तो भिंत शोधतो.

सगळ्या वेण्यांचा ताण सारखा हवा. सातव्या-आठव्या वेणीपर्यंत बोटं थकतात आणि वेण्या सैल होऊ लागतात. मधे पाच मिनिटं थांबा, घोड्यालाही पाणी दाखवा.

वेणीचा दोन-तृतीयांश भाग झाला की दोऱ्याचा एक तुकडा मधोमध दुमडा. दुमड वेणीच्या मागे ठेवा, दोन टोकं दोन्ही बाजूंच्या पेडांबरोबर घ्या आणि दोऱ्यासकट शेवटपर्यंत वेणी घाला. शेवटचे दीड-दोन सेंटिमीटर उरले की दोन्ही टोकांनी वेणीभोवती तीन वेढे घट्ट घ्या आणि गाठ मारा. उरलेली केसांची शेपटी मागे दुमडून त्याच दोऱ्याने आणखी दोन वेढे घेऊन बांधून टाका. टोक नीट दुमडलं नाही तर शिवल्यावर गोंड्यातून पिसासारखं बाहेर येतं. दोरा कापायचा नाही, त्यानेच शिवायचं आहे.

आधी सगळ्या वेण्या घालून मग सगळ्या शिवायच्या, की एकेक पूर्ण करायची? सकाळसाठी ठेवायच्या दोन (त्या पुढे येतात) सोडून सगळ्या घालून मग शिवा. बारा वेण्या लोंबत असताना त्यांची लांबी शेजारी-शेजारी दिसते. एखादी बोटभर लांब किंवा जाड निघाली तर तीच उसवून पुन्हा घाला.

शिवून गोंडा करणं

दोऱ्याची दोन्ही टोकं एकत्र सुईच्या नेढ्यात घाला. वेणीच्या बुडाशी, मानेच्या कडेला लागून, मागच्या बाजूने सुई वेणीच्या मध्यातून वर काढा. कातडीपासून अर्धा सेंटिमीटर अंतर राखा. दोरा ओढा, वेणीचं टोक वर येऊन बुडाखाली शिरेल आणि वेणी निम्मी होईल. आता ती चार-पाच सेंटिमीटरची दुहेरी घडी झाली.

ही घडी अंगठ्याने पुन्हा वर गुंडाळा, टोक आतल्या बाजूला राहील अशी. गुंडाळी बुडाला घट्ट टेकली पाहिजे. डाव्या अंगठ्याने ती दाबून धरा आणि सुई खालून, गुंडाळीच्या आणि बुडाच्या मध्यातून वर काढा. दोरा गोंड्याच्या डाव्या बाजूने खाली आणा, पुन्हा त्याच जागेतून वर काढा, मग उजव्या बाजूने खाली. डावीकडे एक, उजवीकडे एक, हवं तर पुन्हा एकदा दोन्हीकडे. दोरा गोंड्याच्या मधोमध पुढून नेऊ नका, तो दोन भागांत कापल्यासारखा दिसतो. शेवटी सुई मानेच्या बाजूला, गोंड्याच्या मागे काढा, दोन टाके घेऊन गाठ मारा आणि दोरा अर्धा सेंटिमीटर ठेवून कापा. गाठ मागेच हवी, कारण उद्या उसवताना तिथूनच कापायचं आहे.

सुई नेहमी घोड्यापासून बाहेरच्या दिशेने ढकला. केसांच्या दाटीत ती अडकली तर जोर लावू नका, मागे घेऊन मिलीमीटरभर बाजूने पुन्हा काढा.

नवशिक्याला एका वेणीला पाच-सहा मिनिटं शिवायलाच लागतात, म्हणून पहिल्यांदा करणाऱ्याने दोन तास धरून चालावं. सराव असलेला मोतद्दार (घोड्याची निगा राखणारा) पाऊण ते एक तासात मान पूर्ण करतो. सराव स्पर्धेच्या रात्री करायचा नसतो. दोन आठवडे आधी एका दुपारी सगळी मान घालून पाहा, कुठला विभाग त्रास देतो ते तेव्हाच कळतं.

दोन वेण्या सकाळसाठी ठेवा

कपाळावरची झुलपं रात्री मोकळीच ठेवा. घोडा डोकं दाराला, पुढच्या पायाला घासतो आणि ती वेणी सर्वांत आधी सुटते. खांद्याच्या उंचवट्यावरची शेवटची वेणीही सकाळीच घाला. रात्री झूल असेल तर तिची कड नेमकी तिथेच घासते.

कपाळावरच्या वेणीत दोन्ही कडांचे केस थोडे-थोडे आत घेत जा, नुसती तिपेडी घातली तर बाजूचे केस कानांजवळ लोंबतात. कानाला हात लावू न देणाऱ्या घोड्याला ती साधीच, सैल घाला. हट्टाला पेटू नका.

रात्रभर टिकवणं

मान झाकायला ताणणारा लायक्राचा हुड मिळतो. तो भुसा, पेंढ्याच्या काड्या आणि घासणं, तिन्हीपासून वाचवतो. पण दोन अटी आहेत. घोड्याने तो आधी निदान दोन-तीन रात्री घातलेला असावा, आणि डोळ्यांची भोकं सरकत नसावीत. हुड फिरून डोळ्यावर आला तर अंधारात घाबरलेला घोडा ठाणाच्या भिंतीला धडका देतो. मापाचा हुड नसेल तर नसलेला बरा. ओढणी, चादर गुंडाळण्याचे प्रयोग नकोत.

दिल्ली-जयपूरच्या थंडीत हुडाचा प्रश्न नाही. मुंबईत डिसेंबर-जानेवारीतही रात्र उबदार असते. हुड घातल्यावर तासाभराने आत हात घालून पाहा, मान ओली लागली तर काढून टाका. घामाने वेण्या फुगतात, खाज सुटते आणि हुडाचा फायदा उलटतो.

अंथरूण पेंढ्याचं असेल तर त्या रात्री वरचा थर नवा घाला. लीद संध्याकाळी आणि झोपण्यापूर्वी, दोनदा काढा. पांढऱ्या घोड्याच्या आयाळीला लागलेला डाग सकाळी वेणी न उसवता निघत नाही. वैरण अगदी जमिनीवर टाकण्यापेक्षा छातीच्या उंचीच्या जाळीत द्या, म्हणजे मान फार ताणली जाणार नाही. जाळीच्या दोऱ्या लोंबत्या ठेवू नका, पाय अडकतो.

निघण्यापूर्वी दहा मिनिटं ठाणाबाहेर थांबून पाहा. घोडा एकदा-दोनदा मान हलवेल, हे ठीक. सारखी मान झटकत असेल, कडेला घासायला जागा शोधत असेल, तर कुठली तरी वेणी फार घट्ट आहे. बोटाने एकेक गोंडा किंचित हलवा. ज्या गोंड्याला हात लावताच तो मान काढून घेतो तो उसवा आणि सकाळी पुन्हा घाला.

सकाळ

क्लासच्या दोन तास आधी पोहोचा. हुड काढताना तो गोंड्यांवरून ओढू नका, मागून पुढे गुंडाळत काढा. काड्या बोटांनी वेचा, कंगवा फिरवू नका. बुडाशी उठलेले बारीक केस ओल्या स्पंजने दाबा, हातावर थोडा जेल घेऊन चपटे करा. हेअर स्प्रेचा फुसकारा घोड्याला बिथरवतो, वापरायचाच असेल तर तळहातावर मारून मग लावा. उठलेले केस कात्रीने छाटायचा मोह टाळा.

एखादा गोंडा सुटला असेल तर पूर्ण उसवून नव्याने घालायला आठ मिनिटं धरा. वेळ नसेल तर शेजारच्या दोन टाक्यांनी बुडाला दाबून टाका, रिंगणापर्यंत टिकेल. वॉर्म-अपच्या वेळी खिशात एक दोरा, बुचात खोचलेली सुई आणि छोटी कात्री ठेवा.

ड्रेसाजसाठी एक सूचना. एफ.ई.आय.च्या (आंतरराष्ट्रीय घोडेस्वारी महासंघाच्या) नियमात आयाळीच्या आणि शेपटीच्या नेहमीच्या वेण्या चालतात, पण रिबिनी, फुलं अशी सजावट चालत नाही. तसंच नाका-ओठांवरच्या आणि डोळ्यांभोवतीच्या स्पर्शाच्या लांब मिशा भादरायला एफ.ई.आय.ने २०२१ पासून बंदी घातली आहे. सजवण्याच्या भरात वस्तरा तिकडे वळवू नका.

बिघडलं तर, आणि का बिघडलं

गोंडे कडेवर तुर्‍यासारखे उभे राहिले: वेणी घालताना हात वर ओढले गेले, म्हणजे स्टूल ठेंगणा होता. शिवून हे सुधारत नाही, उसवावंच लागतं.

गोंडे मानेपासून लोंबतात, घोडा दुडक्या चालीने निघाला की डोलतात: पहिला वेढा सैल. बुडाशी आणखी एक आडवा टाका घेऊन तात्पुरतं भागतं.

वेणी सकाळी फुगून केसाळ झाली: आयाळ आदल्या दिवशी धुतली होती, किंवा रात्री घाम आला. पहिलं असेल तर जेल थोडा जास्त लावा. दुसऱ्याला उपाय पुढच्या वेळी.

एका बाजूला कातडी दिसते, दुसऱ्या बाजूला केस चढलेत: विभागाची रेषा तिरकी. हे मोजणीच्या वेळीच पाहायला हवं होतं.

लांब आयाळ ठेवणारे घोडे

मारवाडी, काठियावाडी किंवा स्पॅनिश वळणाच्या घोड्याची लांब आयाळ केवळ ड्रेसाजसाठी उपटून आखूड करू नका. ती त्यांची ओळख आहे. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी दत्तजयंतीला भरणाऱ्या सारंगखेड्याच्या घोडेबाजारात लांब आयाळीला मोल आहे. तिथे कापलेल्या आयाळीचा घोडा उभा केला तर मालकालाच कारण सांगावं लागेल. अशा घोड्याला कडेने धावणारी एकच लांब वेणी घाला. कानांमागून तीन पेड घ्या आणि प्रत्येक वेढ्याला फक्त कडेच्या बाजूचे नवे केस आत घेत खांद्यापर्यंत या. वेणी कडेला चिकटून राहील इतकाच ताण द्या. घालताना घोड्याची मान सैल, खाली असू द्या. मान उंच धरून घातलेली अशी वेणी त्याने मान लांबवली की ओढली जाते. ही वेणी रात्री टिकत नाही, सकाळीच घाला, वीस मिनिटांचं काम आहे. ब्रिटनमध्ये अरबी आणि तिथल्या डोंगराळ जातींचे पोनी आपापल्या जातीच्या क्लासमध्ये वेणीशिवायच दाखवतात, तेव्हा जातीच्या क्लासमध्ये उतरण्यापूर्वी तिथला शिरस्ता आयोजकांना विचारून घ्या.

उसवणं

शेवटचा क्लास झाला की लगेच उसवा, घरी नेईपर्यंत थांबू नका. गोंडा मागून उचला, गाठ शोधा, उसवायच्या आकडीने फक्त दोरा कापा. कात्री वापरलीत तर कधीतरी वेणीच कापाल, आणि तेवढी खाच भरायला कित्येक महिने जातात. दोरे ओढून बाहेर काढा, बोटांनी पेड सोडवा, जेल ओल्या स्पंजने पुसा, मग कंगवा. राहिलेल्या लाटा पाण्याने दमट केल्यावर एक-दोन दिवसांत जातात. मानेच्या कडेवर हात फिरवा, कुठे गरम किंवा सुजलेली जागा लागली तर तिथे दोन-तीन दिवस खरारा हलका ठेवा. कापलेले दोरे वैरणीत पडू न देता पिशवीत टाका, आणि निघण्यापूर्वी दोन्ही सुया बुचात आहेत ना ते पाहा.